वाचकांचे प्रश्न : वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे काय करावे?

हौसेने दुरुस्तीला घेतलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या मोटारगाड्यांविषयी सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एकाच मॉडेलच्या तीन जुन्या गाड्या आहेत. पहिली नीट करायची म्हणून घेतली, दुसरी तिला भाग मिळावेत म्हणून आणि तिसरी केवळ स्वस्तात मिळाली म्हणून. आता जागा मोकळी करायची आहे. कोणती ठेवावी, कोणती खोलून सुटे भाग विकावेत आणि कोणती थेट भंगारात द्यावी, हे कसे ठरवावे?

उत्तर : तिसऱ्या गाडीचे कारण आपण सरळ लिहिलेत, याचे कौतुक वाटले, बहुतेक पत्रांत ते आडवळणाने येते. अशा वेळी विचाराची सुरुवात इंजिनापासून करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण गाडी सुरू होते की नाही हेच आधी लक्षात येते. परंतु इंजिन, गिअरबॉक्स, सीट, दिवे, वायरिंग हे सारे एका गाडीतून काढून दुसरीत बसवता येते. बॉडीचे तसे नाही. बहुतेक मोटारगाड्यांना वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो आणि तो आतून सडला असेल, तर वरचा रंग कितीही तुकतुकीत असला तरी त्या गाडीवर पुढे केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून तिन्ही गाड्यांची तुलना आधी पत्र्यावर करावी.

दारांखालचे पोकळ पट्टे, जॅक लावण्याच्या जागा, पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे वर बोल्टने आवळलेले असतात तिथला पत्रा, मागच्या सस्पेन्शनचे आधार, समोरच्या काचेखालची चौकट आणि मॅट उचलल्यावर दिसणारा फ्लोअर, एवढ्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, तर सडलेला किंवा लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेला पत्रा बद्द आवाज देतो. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पोलादी पत्र्यावर जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली जाड लांबी तरी आहे किंवा भोक फायबरने झाकलेले तरी आहे, असे समजावे. शेवटी गाडीची एक बाजू मजबूत जागी जॅक लावून थोडी उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून लावून पाहावे. सपाट जमिनीवर सहज लागणारे दार गाडी उचलल्यावर चौकटीला घासू लागले, तर बॉडीच वाकते आहे आणि दारांखालच्या पट्ट्यांनी आपले काम सोडले आहे. ज्या गाडीत हे घडते ती ठेवण्याच्या यादीतून वगळावी, मग तिचे इंजिन तिघींत सर्वांत चांगले का असेना.

याला अपवाद आहेत. स्वतंत्र चासीवर बांधलेल्या जीपसारख्या गाड्यांत बॉडी उचलून दुसरी बसवता येते. तिथे चासी सरळ आणि निरोगी आहे की नाही, हे पाहावे लागते. काही मोजक्या मॉडेलांची बॉडी आजही नवी मिळते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीची बॉडी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांचा उपयोग करून पुन्हा बनवू लागली, त्यामुळे त्या गाडीची मूळ बॉडी सडली तरी ती मोडीत काढण्याची सक्ती उरली नाही. असे भाग्य फार थोड्या मॉडेलांच्या वाट्याला आले आहे. आपल्या मॉडेलचे काय, हे गृहीत न धरता आधी विचारून घ्यावे.

पत्र्यानंतर गाडी किती पूर्ण आहे ते पाहावे. पूर्ण पण बंद असलेली गाडी ही चालू पण अपूर्ण गाडीपेक्षा बहुतेक वेळा बरी, कारण मीटरचे पॅनेल, दारांच्या आतल्या मुठी, खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, सनव्हायझर अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तू शोधण्यातच वर्षे जातात. इंजिनाची दुरुस्ती कोणीतरी करून देतो. मागच्या दिव्याची मूळ काच मात्र कोणी घडवून देत नाही.

या दोन कसोट्यांवर बहुधा एक गाडी आपोआप पुढे येते. तिच्यासाठी लागणारे भाग उरलेल्या दोघींमधून आधी काढून ते प्रत्यक्ष तिच्यावर बसवून पाहावेत आणि मगच विक्रीचा विचार करावा. एकाच मॉडेलमध्येही मधल्या काळात कारखान्याने बदल केलेले असतात. ब्रेकचे सिलिंडर, गिअरबॉक्सचे माउंटिंग, वायरिंगची जोडणी यांत दिसायला सारखे पण न बसणारे भाग निघतात, म्हणून ‘बसेलच’ या भरवशावर काहीही विकू नये. उरलेल्या दोघींपैकी जिचा पत्रा दुरुस्त होण्याजोगा आहे ती न खोलता अखंड विकावी. जिचा सांगाडा गेला आहे ती खोलावी किंवा, तिच्यातील भागांना मागणीच नसेल तर, तशीच भंगारात द्यावी. आजवर किती खर्च झाला, हा आकडा या निर्णयात कुठेही धरू नये. तो खर्च तिन्ही गाड्या ठेवल्याने परत येत नाही, आणि विकल्याने नव्याने बुडतही नाही.

प्रश्न : मी माझ्या गाडीच्या सुट्या भागांची यादी करून प्रत्येकाची चालू किंमत लिहिली. बेरीज अख्ख्या गाडीच्या किमतीच्या चौपट निघाली. मग गाडी खोलून विकणेच फायद्याचे नाही का?

उत्तर : आपण लिहिलेल्या किमती लोक मागत असलेल्या आहेत की प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या, हे आधी तपासावे. जाहिरातीत वर्षभर पडून राहिलेल्या डॅशबोर्डची किंमत ही केवळ विकणाऱ्याची अपेक्षा असते. दुसरे असे की, यादीतील सर्व भाग विकले जातील असे आपण धरले आहे. एखादी गाडी खोलली की चांगल्या अवस्थेतील दिवे, बंपर, मीटर, न फुटलेल्या काचा, गंज नसलेली दारे आणि बॉनेट, दुर्मीळ अ‍ॅलॉय व्हील, चालू असल्याचा पुरावा असलेला गिअरबॉक्स अशा मोजक्या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत जातात. त्यानंतर मागणी एकदम आटते आणि जिला कोणी विचारत नाही अशी मोठी रास मागे उरते. घासून झिजणारे भाग, म्हणजे ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, रबरी बुश, पाण्याचे पाइप, हे वापरलेल्या अवस्थेत जवळजवळ कोणीच घेत नाही आणि घेऊही नये.

मागणी टिकेल का, हेही पाहावे लागते. कंपनीच पुन्हा भाग बनवू लागली तर जुन्या भागांचा भाव उतरू शकतो. निस्सानने २०१७ मध्ये स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ या पिढीसाठी बंद झालेले भाग नव्याने आणण्यास सुरुवात केली आणि माझदानेही त्याच वर्षी पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी तसा उपक्रम जपानमध्ये सुरू केला. उलट बाजूने पाहता, ज्या मॉडेलची कोणाला हौसच नाही त्याचा भाग कितीही दुर्मीळ असला तरी त्याला गिऱ्हाईक नसते. दुर्मीळ असणे आणि मागणी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपली यादी करताना त्यांची गल्लत झालेली दिसते.

तरीही हिशेब खोलण्याच्याच बाजूने झुकत असेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. बॅटरी काढण्यापूर्वी विजेवर चालणाऱ्या खिडक्या खाली घ्याव्यात, डिकी आणि बॉनेट उघडून ठेवावेत. नंतर ते उघडण्यासाठी पुन्हा बॅटरी जोडत बसावे लागते. इंजिन चालत असेल तर थंड असताना सुरू होतानाचा, तेलाचा दाब दाखवणारा आणि धूर दिसेल असा व्हिडिओ ते जागेवर असतानाच काढावा, कारण जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाच्या चांगुलपणावर कोणी विश्वास ठेवत नाही. वायरिंग कापू नये. प्रत्येक कनेक्टर सोडवून त्याला चिठ्ठी बांधावी आणि संपूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, एकसंध बाहेर काढावा, कारण कापलेल्या हार्नेसला तांब्याच्या भावापलीकडे किंमत उरत नाही. जुने प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते, म्हणून क्लिपवर बसवलेल्या पट्ट्या थोडी ऊब देऊन मगच सोडवाव्यात. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट त्याच भागाबरोबर वेगळ्या पिशवीत ठेवावेत. खरेदीदार त्या पिशवीसाठीही आनंदाने पैसे मोजतो.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चाके. चाके, स्टेअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन शेवटपर्यंत गाडीवर राहू द्यावे. ही चाके चांगली असून विकायची असतील तर त्यांच्या जागी टाकाऊ चाके लावावीत. विटांवर ठेवलेला, न हलणारा सांगाडा उचलायला क्रेन लागते आणि तो ज्या जागेसाठी सगळा खटाटोप केला तीच जागा अडवून बसतो. त्याच्या भंगाराच्या वजनाची मात्र फारशी चिंता करू नये. साधारण गाडीच्या वजनाचा मोठा हिस्सा पोलाद आणि लोखंडाचा असतो आणि वरचे चांगले भाग काढल्यावरही तो बऱ्याच अंशी शिल्लक राहतो.

कामाला हात घालण्यापूर्वी एक शेवटची तारीख ठरवावी आणि त्या दिवशी जे उरेल ते विनातक्रार वजनावर द्यावे. ती तारीख नसेल तर एका बंद गाडीच्या जागी चाळीस खोकी येतात आणि भिजत घोंगडे तसेच राहते. आपल्या यादीत स्वतःच्या श्रमाचे तास, भाग ठेवण्याची जागा, बांधणी, वाहतूक आणि परत आलेल्या वस्तू हे रकाने घालून बेरीज पुन्हा करावी. ती चौपटीवरून दीडपटीवर आली, तर गाडी अखंड विकण्याचा माझा सल्ला राहील. खोलण्याचा धंदा करणाऱ्यांना हे परवडते, कारण त्यांच्याकडे जागा, साधने आणि रोजचे गिऱ्हाईक असते. घरच्या माणसाकडे यांतील एखादीच गोष्ट असते.

प्रश्न : अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन विकण्याजोगे आहे की नाही, हे सुरू न करता कळेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी कळेल, पण किल्ली फिरवण्याची घाई मात्र करू नये. सिलिंडरमध्ये ओल शिरून पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात आणि स्टार्टरचा झटका त्या रिंगा मोडू शकतो. आधी स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडावे आणि ते एक-दोन दिवस मुरू द्यावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने, हळूहळू फिरवावे. पूर्ण दोन फेरे अडथळ्याशिवाय झाले तर सर्व सिलिंडर आपापल्या चारही क्रियांतून गेले, असा त्याचा अर्थ होतो.

त्यानंतर तेलाची कांडी पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे आणि हेड गॅस्केट किंवा हेड स्वतःच संशयित ठरते. पुढची पायरी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजण्याची. एकेका सिलिंडरचा आकडा किती मोठा आहे यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत हे पाहावे. १० ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल तर कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये थोडे तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. हे आकडे कागदावर लिहून गेजचा फोटो जोडला, तर बंद इंजिनालाही बरे गिऱ्हाईक मिळते. न फिरणारे इंजिनही अगदीच टाकाऊ नसते. त्याचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट किंवा हेड दुरुस्तीसाठी घेणारे असतात, फक्त ते तसे स्पष्ट सांगून विकावे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी एक जुनी गाडी पूर्ण खोलून रंगासाठी पत्रा मोकळा केला होता. ते गेल्यानंतर बॉडी आणि भागांची खोकी तशीच आहेत. भाऊ म्हणतो, भाग विकून टाकू. आईला गाडी मोडणे मान्य नाही. आमच्यापैकी कोणालाही हे काम येत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या आईचे म्हणणे भावनेतून आले असले तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे. जाणकार माणसाने स्वतः खोललेली गाडी आणि तिचे सर्व भाग एकत्र असणे ही ते काम पुढे नेणाऱ्यासाठी फार मोलाची स्थिती आहे, आणि त्यातून पहिली चार खोकी विकली गेली की ती कायमची संपते. उरलेल्या वस्तूला मग कोणी प्रोजेक्ट म्हणून घेत नाही. म्हणून बॉडी, खोकी, कागदपत्रे, वडिलांच्या वह्या आणि त्यांनी काढलेले फोटो हे सारे एकाच व्यवहारात, एकाच माणसाला द्यावे.

तोवर एक काम तातडीचे आहे. रंग काढलेला उघडा पत्रा दमट हवेत फार लवकर गंजतो आणि साधा प्रायमरही ओलावा पूर्णपणे अडवत नाही. बॉडी कोरड्या, छत असलेल्या जागी हलवावी आणि एखाद्या पेंटरकडून तिच्यावर इपॉक्सी प्रायमर मारून घ्यावा. प्लॅस्टिकचे आच्छादन घट्ट बांधू नये, आत दव साठते. खोकी उघडून त्यांवरच्या खुणा जशा आहेत तशाच ठेवाव्यात, नीटनेटकेपणाच्या भरात भाग एका खोक्यातून दुसऱ्यात हलवू नयेत. वडिलांची मांडणी आपल्याला अगम्य वाटली तरी पुढचा मेकॅनिक ती ओळखतो. प्रत्येक खोक्यातील वस्तू पसरून एक फोटो काढला की यादीचे काम झाले. किंमत ठरवताना त्याच मॉडेलची हौस असलेल्या, पण स्वतः खरेदीदार नसलेल्या व्यक्तीचे मत घ्यावे. भावाला वाटा लवकर हवा असेल, तर किंमत थोडी कमी करून विक्री लवकर करावी, पण गाडी फोडू नये. आईला आठवण म्हणून स्टेअरिंग ठेवावेसे वाटेल. त्याऐवजी वडिलांचे हत्यारांचे खोके ठेवावे, म्हणजे गाडी अपुरी राहणार नाही.

प्रश्न : भंगारात देण्यापूर्वी गाडीतून काय काढावे? एअरबॅग विकता येतात का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेगळा विकला तर चालेल का?

उत्तर : एअरबॅग विकू नयेत आणि अनुभव नसेल तर हातही लावू नये. त्या स्फोटक रसायनाने फुगतात आणि जुन्या झाल्यावर त्यांचे वर्तन कसे असेल, हे बाहेरून पाहून कोणीही सांगू शकत नाही. ताकाता या कंपनीच्या, एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे खराब होऊन धातूचे तुकडे प्रवाशांवर उडाले, त्यात माणसे दगावली आणि जगभरातील कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अपघातात ताण बसलेले सीट बेल्टही पुन्हा वापरू नयेत. हे सारे अधिकृत मोडणी केंद्रावर सोडावे.

एअर कंडिशनरचा वायू नळी सैल करून हवेत सोडणे अनेक देशांत गुन्हा आहे. जुन्या गाड्यांतील आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला, आणि त्याच्या जागी आलेला आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो. तो यंत्राने शोषून घेणाऱ्या मेकॅनिककडेच काढवावा. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि जुने पेट्रोल वेगवेगळ्या डब्यांत भरावे, एकत्र करू नये. जुन्या ड्रम ब्रेकमधील धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे.

धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो काढून टाकलेल्या गाडीचा भाव भंगारवाला कमी करतो आणि ते योग्यच आहे. वेगळा विकायचा असेल तर गाडी आपलीच असल्याचा कागद सोबत ठेवावा, कारण या भागाच्या चोऱ्या फार होतात आणि सचोटीचा खरेदीदार पुरावा मागतोच. त्यावरचा क्रमांक दाखवून दोन ठिकाणी भाव विचारावा. कारखान्यातून बसवलेल्या मूळ कन्व्हर्टरमध्ये बाजारातील पर्यायी कन्व्हर्टरपेक्षा या धातूंचे प्रमाण सहसा अधिक असते.

प्रश्न : माझ्या सडलेल्या गाडीच्या भागांना गिऱ्हाईक नाही, पण एक जण फक्त चासी क्रमांकाची पट्टी आणि नोंदणीची कागदपत्रे मागतो आहे. बॉडी तुम्ही भंगारात द्या, असे तो म्हणतो. द्यावीत का?

उत्तर : देऊ नयेत. एका गाडीची ओळख दुसऱ्या गाडीला चिकटवण्याचा हा प्रकार आहे. ती दुसरी गाडी बहुधा चोरीची किंवा अपघातात नोंदणी रद्द झालेली असते, आणि चौकशी झाली की शेवटचा नोंदणीकृत मालक म्हणून आपलेच नाव पुढे येते. क्रमांकाची पट्टी आणि कागदपत्रे बॉडीबरोबरच जावीत, बॉडी मोडल्याचे प्रमाणपत्र लेखी घ्यावे आणि ते जोडून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज स्वतः द्यावा. अर्जाची पोच हातात येईपर्यंत विमा आणि कराचे जुने कागद फाडू नयेत.